झाकलेलं पन्हं

बेलफळ सुरीने कापायचं नसतं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. बाकी कशावरच त्या सकाळी एकमत नव्हतं.

बापांनी फळ मागच्या पायरीच्या दगडावर आपटलं. पहिल्या फटक्यात काही झालं नाही. दुसऱ्या फटक्यात एक बारीक भेग गेली, अंगणभर वास पसरला, आणि तीन ठिकाणी उभी असलेली तीन माणसं एकदम बोलायची थांबली. विहिरीपाशी बिभूती, बापांचा थोरला मुलगा. भुवनेश्वरहून पहाटे गाडी चालवत आलेला, अजून पारोसा. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको लोपामुद्रा. खिडकीच्या गजांमागे सुचरिता, धाकटी, जिला या घरात कुनी म्हणतात. ती राउरकेल्याहून आदल्या दिवशीच आली होती आणि तेव्हापासून कशाला ना कशाला पुसत होती.

"कोणी हात लावायचा नाही," बापा म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

हे पोस्टकार्डावर लिहिलेलंच होतं. बापा, म्हणजे कृपासिंधु पाणिग्राही, बांकीच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, घरात फोन आहे, तरी महत्त्वाचं काही असलं की ते कार्ड टाकतात. या वेळी दोन टाकली, एकाच मजकुराची:

*पन्ह्याच्या संक्रांतीला दोघंही या. बोहूलाही आणा. पन्हं मी करीन. कोणी हात लावायचा नाही, कोणी आठवण करून द्यायची नाही. पन्हं चुकलं तर त्याच दिवशी मी भुवनेश्वरला येतो. नाही चुकलं तर हा विषय माझ्या मरणापर्यंत बंद. — कृपासिंधु पाणिग्राही.*

पोटच्या मुलांना पूर्ण नावाने सही.

विषय म्हणजे फाल्गुनातला गॅस. शेगडी पेटती ठेवून बापा महानदीच्या बांधावर फिरायला गेले, शेजारच्या सेबती काकूने धूर पाहून भिंतीवरून उडी मारली (साठीच्या बाईने, हे ती अजून सगळ्यांना सांगते), आणि बिभूतीला फोन केला. बिभूती म्हणाला, आता पुरे, एकटं राहणं बंद. सुचरिता म्हणाली, एकदा विसरले तर लगेच घराला कुलूप? लोपा काहीच म्हणाली नाही. मग ही कार्डं आली.

बिभूतीने अट लगेच मान्य केली होती. आई असेपर्यंत बापांनी कधी चहाही केला नव्हता. वैशाख लागताना येणाऱ्या या संक्रांतीचं पन्हं घरच्या थोरल्या सुनेने, बोहूने, करायचं असतं. या घरात ते पन्नास वर्षं बोऊने, त्याच्या आईने केलं, आणि तीच ते तुळशीपर्यंत घेऊन जायची. ती गेल्याला दीड वर्ष झालं. मागची संक्रांत सुतकाच्या वर्षातली, ती पाळलीच नव्हती. आता हा म्हातारा बेलाचं पन्हं करणार होता, आणि ते चुकणार यात बिभूतीला काडीची शंका नव्हती.

म्हणूनच पुढचं कोणाला कळेना.

कारण बापांनी गर चमच्याने नाही, बोटांनी काढला. पाण्यात भिजवला आणि तळहाताने चोळला, हलक्या हाताने, बिया न फोडता. बी फुटली की पन्हं कडू होतं हे त्यांना कोणी सांगितलं? फडक्यातून गाळताना त्यांनी फडकं पिळलं नाही, नुसतं उचलून धरलं आणि वाट पाहिली. दोन पिकली केळी कुस्करली. छेना, म्हणजे ताजं ओलं पनीर, हाताने मोडून घातला, खोबरं किसून घातलं, दूध, मिरे, आल्याचा रस. कापूर नखावर घेतला, मोहरीएवढा, आणि त्यातलाही अर्धा परत डबीत टाकला.

सुचरिता खिडकीतून लोपाकडे बघत होती. लोपा बिभूतीकडे. बिभूती बादलीकडे.

मग बापांनी हंडीवर पितळी ताटली झाकली, वर पाटा ठेवला, खांद्यावर गमछा टाकला आणि म्हणाले, "नदीत संक्रांतीची बुडी मारून येतो. मग नैवेद्य."

गुळाचा डबा फळीवर होता तिथेच होता. त्याचं झाकणसुद्धा उघडलं गेलं नव्हतं.

हे तिघांनीही पाहिलं. आठवण तर करून द्यायची नव्हती. आणि नैवेद्य होईपर्यंत चाखून बघायचीही सोय नव्हती. देवाच्या आधी जिभेवर गेलं की ते उष्टं.

अर्धा तास: सुचरिता

बापा नदीवर गेले. फाटकाची कडी वाजली तशी सुचरिता खिडकीतून निघाली.

भाई अंगणात फोनवर कोणाशी तरी बोलत होता, भाउज लोपा माडीवर गेली होती. सुचरिताने पाटा उचलला, ताटली बाजूला केली. पन्हं फिकट पिवळं, वर खोबऱ्याचे कण. वास अगदी बोऊच्या पन्ह्याचा. एवढं सगळं केलं आणि गूळ विसरले.

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी तिने टाचा उंचावून फळीवरचा डबा काढला. हे घर बंद झालं की तिने यायचं कुठे? भाईच्या फ्लॅटमध्ये पाहुणी म्हणून? सासरी तिचं एक कपाट आहे. इथे अख्खं अंगण आहे, मागे नदी आहे, सेबती काकू आहे. गुळाचा मोठा खडा तिने बत्त्याने ठेचला, आवाज होऊ नये म्हणून पदराखाली, आणि हंडीत सोडून डावाने ढवळला. डबा आणि ताटली जिथल्या तिथे ठेवली. पाट्याचं तोंडही त्याच बाजूला केलं.

पदराला गूळ चिकटला होता. ती विहिरीवर जाऊन पदर धुवत बसली.

तोच अर्धा तास: बिभूती

बापा नदीवर गेले. बिभूतीने फोन कानाला लावला होता, पण पलीकडे कोणी नव्हतं.

तो जिंकला होता. संध्याकाळपर्यंत बापांची ट्रंक गाडीत. पन्ह्याचा एक घोट घेऊन सगळ्यांची तोंडं कशी होतील, बापा स्वतः काय करतील, हे तो मनात बघत होता, आणि ते चित्र पुढे सरकेना. बापा पेला धरून बसलेत, इथेच थांबत होतं.

मॅट्रिकला तो गणितात नापास झाला तेव्हा निकालाचं पत्र बोर्डाकडून बांकीच्या पोस्टातच आलं होतं. पोस्टमास्तराने ते चार दिवस वाटलं नाही. खिशात ठेवलं. पाचव्या दिवशी मुलाला बांधावर नेऊन, शेंगदाणे घेऊन देऊन, मग हातात दिलं. नोकरीतलं तेवढं एक पत्र त्यांनी अडवलं होतं.

बिभूती स्वयंपाकघरात शिरला. तो पारोसा होता, नैवेद्याला हात लावायचा नव्हता. त्याने पाटा आणि ताटली गमछ्यात धरून उचलली आणि चहाच्या डब्यातली साखर लांबूनच ओतली. हात लागला नाही, नुसती साखर लागली, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. किती पडली ते नीट दिसलं नाही. ढवळायला त्याने हंडीही गमछ्यानेच धरून गोल गोल हलवली.

मग बाहेर येऊन पुन्हा फोन कानाला लावला. आपण नेमकं कोणाच्या बाजूने आहोत हे त्याला या घटकेला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तोच: लोपामुद्रा

बापा नदीवर गेले तेव्हा लोपा माडीवर होती. बोऊची खाट अजून तिथेच होती, गादी गुंडाळलेली.

बोऊ शेवटचे तीन महिने लोपाकडे होती. चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. शाळेतून आल्यावर लोपा आधी चादर बदलायची, मग चप्पल काढायची. कोणी तिला नाव ठेवलं नाही, उलट सगळे म्हणाले, अशी बोहू मिळायला भाग्य लागतं. तेव्हापासून कोणी भाग्य म्हटलं की लोपाच्या कंबरेत चमक येते.

बापा आले तर तीच खोली, तीच चादर. किती वर्षं? हे मोजणं पाप आहे हे तिला माहीत होतं, आणि ती मोजत होती.

ती खाली आली. सुचरिता विहिरीवर पदर धूत होती, का कोण जाणे. नवरा बाहेर फोनवर. पूजेचं ताट देवघरात तयार होतं: फुलं, वात, केळी आणि खडीसाखरेची वाटी, काठोकाठ भरलेली. गुळाचा डबा काढायचा तर फळीखाली स्टूल लागलं असतं, आवाज झाला असता. लोपाने वाटी उचलली, हंडीत उपडी केली, रिकामी वाटी परत ताटात ठेवली. खडे तळाशी गेल्याचा आवाज आला. तिने हात कोपरापर्यंत बुडवून ते विरघळवले, मग हात धुतला, मग परत धुतला.

नैवेद्य

बापा ओल्या धोतराने आले. तुळशीभोवती तीन बांबू रोवलेले होते, त्यांना टांगलेलं भोक पाडलेलं मडकं. वैशाखभर त्यातून तुळशीच्या डोक्यावर थेंब पडत राहतो. बापांनी आधी पाणी घातलं, मग त्यात वाटीभर पन्हं. थेंब पडला. दुसरा पडला.

मग त्यांनी पूजेचं ताट उचललं आणि थबकले. खडीसाखरेच्या वाटीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं, पुन्हा वाटीकडे. फुलं वाहिली, वात ओवाळली.

ओसरीवर चौघं बसले. पेले भरले गेले.

नैवेद्य झालेल्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं. खारट असो, आंबट असो, कपाळाला लावायचं आणि प्यायचं. त्यामुळे पहिल्या घोटाला ओसरीवर जे झालं ते फक्त डोळ्यांत झालं. पन्हं इतकं गोड होतं की दाढा शिवशिवल्या. सुचरिताला वाटलं, खडा फारच मोठा होता. बिभूतीला वाटलं, चहाच्या डब्यातली साखर एवढी? लोपाला वाटलं, खडीसाखर अशी लागत नाही, यात गुळाचा वास कसा? तिने सुचरिताच्या ओल्या पदराकडे पाहिलं आणि मग काही न कळून पेल्यात पाहिलं.

"छान झालंय, बापा," सुचरिता म्हणाली. तेवढं म्हणायला हरकत नव्हती.

बापांनी एकच घोट घेतला होता. तो त्यांनी बराच वेळ तोंडात धरला.

"यात गोड कोणी घातलं?"

तुळशीवर थेंब पडला.

तिघांच्याही मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली. आपण हो म्हटलं, तर बापा गूळ विसरले हे उघडं पडणार. पन्हं चुकलं ठरणार. म्हणून बिभूती म्हणाला, कोणी म्हणजे काय, तुम्हीच. लोपाने मान हलवली. आणि सुचरिता, जिचा बापांवर सगळ्यांत जास्त जीव, ती सगळ्यांत जास्त खोटं बोलली.

"तुम्हीच घातलात. मी खिडकीत होते ना. फळीवरून डबा काढलात, गूळ ठेचलात. सगळं व्यवस्थित."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मी डबा काढला?"

"हो, बापा."

बापांनी पेला खाली ठेवला. आपल्या हातांकडे पाहिलं, पालथे, मग सुलटे.

"बरं," ते म्हणाले. "बिभू, माडीवरची ट्रंक खाली आण. मी येतो तुमच्याबरोबर."

कोणाला काही समजेना. बिभूती म्हणाला, पन्हं तर उत्तम झालंय, अट तुम्ही जिंकलात, ट्रंक कशाला? तो हे बोलत होता आणि आपण हेच का बोलतोय याचं त्याला आश्चर्य वाटत होतं.

बापांनी मग जे सांगितलं ते त्यांनी तुळशीकडे बघत सांगितलं. बोऊला मधुमेह होता हे सगळ्यांना माहीत होतं. तिची बोटं बधिर झालेली होती हे तितकंसं माहीत नव्हतं. शेवटची सहा वर्षं तिला गर चोळता येत नव्हता. ती स्टुलावर बसून सांगायची, बापा करायचे, आणि मग पदर सावरून हंडी तीच तुळशीकडे न्यायची, म्हणजे गल्लीला वाटावं तिनेच केलंय. त्या पन्ह्यात गोड नसायचं. केळ्याचं काय ते. तिला निदान संक्रांतीच्या दिवशी न भिता पेलाभर पिता यावं म्हणून. त्या वर्षांत संक्रांतीला मुलांपैकी कोणी आलं नव्हतं.

"आजही मी घातलं नाही. मुद्दाम. तिच्यासारखंच केलं." त्यांनी पुन्हा हातांकडे पाहिलं. "माझ्या हाताला आठवतंय की डबा काढला नाही. आणि कुनी म्हणते, तिने डोळ्यांनी पाहिलं. खडीसाखरेची वाटीही भरली असं मला वाटत होतं. ती रिकामीच होती. म्हणजे न केलेलं केल्यासारखं वाटतं आणि केलेलं आठवत नाही. गॅसचं एक वेळ ठीक होतं. हे ठीक नाही. ट्रंक आण."

सुचरिता पुढे सरकली. "बापा, मी खोटं बोलले. गूळ मी घातला. तुम्ही नदीवर गेलात तेव्हा."

बापा तिच्याकडे बघून हसले. ते हसणं तिला मारण्यापेक्षा वाईट लागलं. "लहानपणी दौत मी सांडली तर तू म्हणायचीस, मी सांडली."

"खरंच मी घातला. हा पदर बघा."

"आणि साखर मी," बिभूती म्हणाला. "चहाच्या डब्यातली. पारोशाने. आईशप्पथ."

सुचरिताने भावाकडे पाहिलं. "तू कशाला घातलीस? तुला तर ते चुकायला हवं होतं."

"मला काय माहीत."

"खोटं तरी नीट बोल, भाई."

"खोटं नाही बोलत मी."

"राहू दे," बापा म्हणाले, अगदी मायेने. "एक म्हणते गूळ, एक म्हणतो साखर. मला एवढं सांभाळून घ्यायची वेळ आलीय, हेच पुरेसं आहे." आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

लोपाला दिसलं की हे दोघं आता काहीही म्हणाले तरी उपयोग नाही. जितकी प्रेमाने शपथ घेतील तितका म्हाताऱ्याचा विश्वास बसणार नाही. विश्वास बसेल असं एकच माणूस ओसरीवर होतं. गप्प राहिलं तर कोणाला कधी कळणार नव्हतं. पण मग चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एक माणूस रोज आपल्या हातांकडे बघत बसणार होता.

"वाटी तुम्ही भरली होतीत, बापा," ती म्हणाली. "काठोकाठ. मी ती हंडीत ओतली."

बापा अर्धे उठलेले तसेच थांबले.

"तूही मला वाचवायला बघतेस, बोहू?"

"नाही. मला वाचवायला." तिने पेला दोन्ही हातांत धरला होता. "तुम्ही पास व्हायला हवे होतात. आमच्याकडे यायला नको होतात. बोऊचं मी केलं, सगळं केलं. पुन्हा माझ्याच्याने होणार नाही. म्हणून घातली."

बिभूती काही तरी म्हणायला गेला. सुचरिताने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो का ठेवला हे तिचं तिलाही कळलं नाही. घराला कुलूप लावायचं हिच्याच मनात आहे असं समजून सकाळपर्यंत ती भाउजवर डूख धरून होती.

बापा खाली उतरले, तुळशीपाशी गेले. ताटातली वाटी उचलून तळहातावर उपडी केली. साखरेचा एक कण पडला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला.

"म्हणजे मी भरली होती," ते म्हणाले.

"हो."

"सकाळी. तिसऱ्या डब्यातून."

"कुठल्या डब्यातून ते मला माहीत नाही. पण भरलेली होती."

बापांनी मान डोलावली. पुन्हा डोलावली. तुळशीच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग लागली होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मडकं उतरवलं, रिकामं केलं, विसळलं आणि नुसतं पाणी भरून परत टांगलं. कोणी मदतीला उठलं नाही. उठावं की नाही हे कोणाला ठरवता आलं नाही.

"आणि गॅस?" बिभूतीने विचारलं. आवाज खाली होता, पण विचारलं.

"गॅस मीच विसरलो होतो," बापा म्हणाले. "ते खरं आहे. आपोआप बंद होणारी शेगडी मिळते म्हणतात. ती आण. आणि सेबतीला सांग, पुढच्या वेळी फाटकातून ये."

मग ते मागे गेले आणि दुसरं बेलफळ घेऊन आले, पहिल्यापेक्षा लहान. ते त्यांनी लोपापुढे धरलं.

लोपाने ते घेतलं नाही. "मी आत्ता काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना, बापा?"

"ऐकलं म्हणून तर. या दोघांना सांगितलं तर हे मला विचारल्याशिवाय काही तरी घालतील." त्यांनी फळ तिच्या हातात ठेवलं. "घरची थोरली सून तू. आपट."

लोपाने पायरीवर फळ आपटलं. दोनदा नुसताच आवाज झाला. तिसऱ्यांदा फुटलं. बापा स्टुलावर बसले आणि सांगू लागले: पिळू नकोस, उचलून धर, वाट बघ. कापूर घालताना म्हणाले, आता अर्धा परत टाक. सुचरिता आणि बिभूती दारात उभे राहिले, हात मागे बांधून.

"आता चाख."

"नैवेद्याआधी?"

"नैवेद्य झाला मघाशी. हे आपल्यासाठी आहे."

लोपाने डावातून घोट घेतला. बेल, दूध, मिऱ्याचा चटका. ती बराच वेळ काही तरी शोधत राहिली.

"काहीच गोड लागत नाही, बापा."

"थांब जरा," बापा म्हणाले. "गिळल्यावर लागतं."